अंधाररावाची पोरगी

तीर्थपुरी
३ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. संपादक व चित्रकार, 'महामेळा' चित्रकथा,
एमआयडीसी, जालना.

विषय: अंक तिसरा, पान अकरा ते चौदा, अंधारराव यांच्या मृत्यूबाबत तक्रार.

महोदय,

वरील विषयी अर्ज करते की, मी तीर्थपुरी येथे झेरॉक्स व ऑनलाईन फॉर्मचे दुकान चालवते. दि. १ रोजी प्रीती नावाची नववीतली विद्यार्थिनी आपल्या चित्रकथेचा तिसरा अंक झेरॉक्ससाठी घेऊन आली. वर्गात एकच प्रत आणि चाळीस पोरं रांगेत आहेत म्हणे, त्याबद्दल आपले अभिनंदन. सदर अंक मी मशीनवर पालथा घालता घालता वाचला.

वस्ताद ढाण्या, पाण्याच्या टँकरवर बसून आलेला चंद्रवीर, रोबो इन्स्पेक्टर यंत्रे आणि भुताळी मावशी हे चौघे आपापल्या गोष्टीतून घसरून आमच्या आठवडी बाजारात पडतात, ही कल्पना चांगली आहे. वस्ताद रोबोला खुराक विचारतो आणि रोबो म्हणतो 'दोन शेल', तिथे मी हसले. खोटे कशाला बोलू.

परंतु पान अकरावर अंधारराव येतो. खाकी कपडे, कमरेला चामडी पट्टा, खिशात सगळ्या गावाची लाईट. तो पोलावर चढतो, हिरो लोक खाली डीपीत, म्हणजे विजेच्या पेटीत, वायर टाकतात, धडाडधूम होते आणि अंधाररावाची राख पडते. पान चौदावर सगळे हिरो गुडीशेव खातात. सदर अंधाररावाच्या डाव्या भुवईला खाच आहे. ही खाच ज्या माणसाला आहे तो आत्ता माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून डाव्या हाताने बिडी ओढत आहे. त्याची राख झालेली नाही, याची नोंद घ्यावी.

अंधाररावाला एक पोरगी आहे, हे आपण विसरलात. ती येणार आहे आणि एकेका हिरोला धरून जाब विचारणार आहे.

अर्जदार,
छकुली इंद्रभान

ता. क. गोऱ्या, नालायका! चौदा वर्षांत एक ओळ न्हाई, अन् छापलं काय तर माझ्या बापाची राख? मागच्या पानावर गोरक्षनाथ असं अख्खं नाव टाकलं म्हणून मी ओळखणार न्हाई असं वाटलं का तुला? झाडाची पानं तू अजूनबी पोपटाच्या चोचीसारखीच काढतो.

---

२४ ऑगस्ट

गोऱ्या,

तुझं पाकीट परवा पोळ्याच्या दिवशी भेटलं. मला वाटलं माफी मागितली असंल. उघडलं तर चार कोरे कागद, चौकटी आखलेले, अन् कोपऱ्यात पेन्सिलीनं एवढंच: 'पोरगी तूच काढ. छापतो.'

बस? 'कशी आहेस' लिहायला शिसं संपलं होतं काय? अंकावर तर लिहितो, 'चित्रकार दिवसा मिलमध्ये लोखंड लाटतो, सुट्टीत चित्रं काढतो.' लोकांना सांगायला बराबर शब्द सुचतात तुला.

काढते मी पोरगी. तिचं नाव काजळी. बापाचा पट्टा कमरेला, बापाची पक्कड हातात, रबरी हातमोजे कोपरापर्यंत. तुझे चारीबी हिरो ती एकेका पानात संपवणार हाय. पान एक, वस्ताद ढाण्या. त्याच्या तालमीची माती काजळीनं चोरली, तर वस्ताद रडत बसला. मी काढताना दुकानात एकटीच हसत होते. बाहेर शिवाजीकाका चहावाले म्हणले, बाई येडी झाली.

आता मुद्द्याचं. तू जे चितारलं ते गंमत म्हणून चितारलं, म्हणून खरं काय झाल्तं ते लिहिते. विसरला असशील तर वाच.

मे महिना, २०११, रविवार. टीव्हीवर बारा वाजता खास भाग होता, सगळ्या मालिकांमधले हिरो एकाच भागात येणार होते. महिनाभर जाहिरात चालू होती. टीव्ही तुमच्या घरी. अन् पहाटेच्या वाऱ्यानं मारुतीजवळची तार तुटली. आबा लाईनमन, त्यांची रीत ठरलेली. पोलावर चढायच्या आधी डीपीतल्या तिन्ही किटकॅट, म्हंजे त्या चिनी मातीच्या फ्यूजा, काढायच्या अन् खिशात घालायच्या. फ्यूज खिशात असली की खाली कुणी कितीबी उड्या मारो, लाईन चालू होत न्हाई, वरचा माणूस जगतो. पण गाव म्हणायचं, इंद्रभान लाईट खिशात घालून हिंडतो. त्याच्यावरनंच आपण अंधारराव काढल्ता, भूगोलाच्या वहीच्या मागं. नाव मी सुचवल्तं, खिसाबी मीच सुचवल्ता. तेवढं मी कबूल करते.

तुला दम निघाला न्हाई. तू डीपीत वायर टाकली. जाळ झाला अन् तिकडं आबा पोलावरनं पडले. मी घराकडं पळाले. आई तापानं फणफणलेली, खाटेवर पडल्ती, वर पंखा गरगर फिरून राह्यल्ता. आबांचा उजवा हात कोपरापासून काढावा लागला. तुझ्या बापानं तुला पारावर सगळ्या गावासमोर बडवलं अन् दुसऱ्या दिवशी जालन्याला मामाकडं पोचवलं.

त्याची तू चित्रकथा केली. लोक गुडीशेव खाऊन राह्यले तिच्यात. लाज वाटली न्हाई?

छकुली

---

१७ सप्टेंबर

गोऱ्या,

आज मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाची सुट्टी, दुकानात कुत्रंबी न्हाई. दोन अन् तीन पानं झाली. चंद्रवीरच्या टँकरची तोटी काजळीनं पक्कडीनं काढून नेली. रोबो इन्स्पेक्टरला तिनं केवायसी करायला सांगितली. त्याला अंगठाच न्हाई, बिचारा रांगेतच गंजला. हे माझ्या दुकानातलं हाय, तुझ्या डोक्यात कधी आलं नसतं.

भुताळी मावशीपाशी मात्र गाडी अडली. काजळी पक्कड उगारून गेली, तर मावशी म्हणती, 'भाकर खाल्ली का गं?' आता हिला कशी मारू? तू तिला माझ्या आईचं नाक दिलंय. कोयरीची बोरमाळबी दिली. तुला ती आठवती कशी रे एवढी? आई जाऊन नऊ वर्षं झाली. मलासुदिक तिचं नाक आता फोटो बघितल्याबिगर आठवत न्हाई.

मावशीला मारायचं राहिलं अन् मी तुझा तिसरा अंक पुन्हा काढला, कुठं कच्चं सापडतं का बघायला. पान बारा. डीपीपाशी चौघं उभे. वस्ताद वायर खुपसतो. डीपीचं दार उघडं हाय, अन् ते दार कुणीच धरलेलं न्हाई. वारं सुटलेलं, धुरळा उडतोय, अन् दार आपोआप उघडं. खाली मातीत फक्त एक चप्पल, पिवळ्या पट्ट्याची.

ती चप्पल माझी.

दार मी धरल्तं, गोऱ्या. वायर मी दिल्ती, आबांच्या पिशवीतली. 'टाक की, भित्रटा' हे मी म्हणल्ते. चप्पल तिथंच राहिली अन् मी अनवाणी पळाले. मागच्या पत्रात 'तू वायर टाकली' असं लिहिताना मला हे सगळं माहीत होतं. तरी लिहिलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

पारावर मार खाताना तू एकदा माझ्याकडं बघितलं होतं. मी आज्जीच्या पदराआड उभी होते. तू माझं नाव घेतलं न्हाई, तेव्हाबी न्हाई अन् आता चित्रातबी न्हाई. अन् मी? तुझे वडील वारले तेव्हा तू आल्ता. मसणवाटेवरनं परस्पर दुपारच्या गाडीला उभा राहिलास, माझ्या दुकानाच्या बराबर समोर. पांढरा शर्ट, हातात काहीच न्हाई. मी शटर अर्धं खाली ओढून आत बसले, गाडी जाईस्तोवर. सहा वर्षं झाली त्याला.

तुझी आई येती दुकानात, पैसे काढायसाठी मशीनवर अंगठा द्यायला. झुंबरबाईंचा अंगठा मशीन कधीच पहिल्यांदा घेत न्हाई, चारदा पुसावा लागतो. मी त्यांचा हात हातात धरून पुसते अन् त्या भिंतीकडं बघतात. एक शब्द बोलत न्हाईत माझ्याशी. अन् आबा तर घरात असून नसल्यासारखे. रिटायर झाल्यापासून दिवसाला दहा शब्द, त्यातले चार 'मीठ कमी हाय' असे. गावात माणसं लय हायत, फॉर्म भरायला रांग लागती. बोलायला कुणी न्हाई.

काजळी सुडाला निघाली अन् शेवटच्या पानावर तिला कळलं की वायर तिच्याच पिशवीतली. आता ही कुणाला मारणार?

छकुली

---

५ ऑक्टोबर

गोऱ्या,

तू काहीच लिहिलं न्हाई. मी शिव्यांची वाट बघत होते. शिव्या चालल्या असत्या.

चौथं पान काढलं. काजळी हातमोजे काढती अन् आत बारा वर्षांची पोरगी निघती, एका पायात चप्पल. पोलावर अंधारराव, खिशात तीन किटकॅट. खाली डीपी, दार तिनंच धरलंय. सगळे हिरो बाजूला उभे राहून बघून राह्यले. शेवटची एक चौकट उरली. तिच्यात काय काढावं ते सुचंना.

पाकिटात घालून चिकटवलं, अन् पुन्हा फाडलं. आधी आबांना दाखवल्याबिगर हे तुझ्याकडं धाडलं तर ते गावच्या पोरांच्या हातातून त्यांच्यापर्यंत येणार, तुझं माझ्यापर्यंत आलं तसं. तेवढी हलकट मी न्हाई.

पण जीव घाबरतो. चार दिवसांमागं खंडेनवमीला आबांनी ट्रंक उघडली अन् पक्कड, पट्टा, टेस्टर पाटावर मांडून पुजलं, दरसालासारखं. डाव्या हातानं हळद लावतात, निम्मी सांडती. एका फडक्यात गुंडाळलेली जुनी किटकॅट हाय, तिलाबी झेंडूचं फूल वाहतात. ती पुजताना त्यांचा चेहरा असा होतो की मी तिथनं उठून जाते. त्यांनी मला घरातनं काढलं तर कुठं जाऊ? त्यांच्याबिगर मला हाय कोण?

तरी सांगते. येत्या रविवारी, जेवण झाल्यावर.

छकुली

---

१२ ऑक्टोबर

गोरक्ष,

हे पत्र बसून वाच. मिलमध्ये वाचू नको.

दुपारी जेवणं झाली. मी चारी पानं खाटेवर मांडली अन् सांगून टाकलं. दार मी धरल्तं, वायर मी दिल्ती, गोऱ्याला मी भरीला घातलं, आबा, तुमचा हात माझ्यामुळं गेला. मला हुंदका आवरंना. आबांनी चष्मा लावला, चौथं पान उचललं अन् डोळ्याजवळ धरलं. मी रडून राह्यले अन् ते किटकॅट मोजून राह्यले.

"खिशात तीन काढल्या तू," आबा म्हणले.

"तीनच असतात ना."

"दोन कर."

"का?"

"दोनच होत्या."

मला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मंग ते उठले, ट्रंकेतनं ते फडकं काढलं अन् ती पुजेतली किटकॅट माझ्या पुढ्यात ठेवली. म्हणले, "ही तिसरी. ही त्या दिवशी डीपीतच होती. मी काढलीच न्हाई. तुझी आई तापानं फणफणलेली, उन्हाचा कहर. आपल्या गल्लीची फेज ह्या किटकॅटवर, म्हणलं तेवढी राहू दे, तिच्या डोक्यावर पंखा फिरंल. तुटलेली तार दुसऱ्या फेजची, सांभाळून काम करू. वीस वर्षं पोलावर चढलेलो, मस्ती होती अंगात. हात निसटला अन् चालू तारंला लागला."

"अन् आमची वायर?"

"तुमची वायर तुटलेल्या फेजला. ती तार मागच्या पोलापाशी मातीत पडल्ती. तुमचा करंट तिथंच मातीत गेला, म्हणून डीपीत जाळ झाला. माझ्यापर्यंत त्यातलं कायबी आलं न्हाई, जाळ झाला तवा मी आधीच चालू तारंला चिकटल्तो."

पंखा, गोऱ्या! मीच तुला लिहिलं होतं की पंखा गरगर फिरून राह्यल्ता. चौदा वर्षं तो माझ्या डोळ्यापुढं फिरतोय, अन् एकदाबी मला प्रश्न पडला न्हाई की गावाची लाईट काढल्यावर हा फिरतो कशावर.

मी विचारलं, मंग बोलले का न्हाई? त्यांनी सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं न्हाई. त्यांच्यासंगं कल्याण म्हणून हेल्पर होता, आता तो न्हाई. त्यानं कुणी बघायच्या आत ती किटकॅट काढली अन् दवाखान्यात आणून दिली. चौकशीला साहेब आले, विचारलं, तिन्ही काढल्या होत्या का? आबा हो म्हणले. न्हाई म्हणले असते तर चूक त्यांची, नोकरी गेली असती. पोरगी बारा वर्षांची, बायको आजारी, हात एक. वायर सापडलेली होती, पोरगं कबूल होतं. आबा गप बसले. मंग ऑफिसात बसून तक्रारी लिहून घ्यायचं काम भेटलं, त्याच्यावर मी शिकले, त्याच्यावर हे दुकान.

"झुंबरा आल्ती दवाखान्यात," आबा म्हणले. "पोराला माफ करा म्हणून माझ्या पायावर डोकं ठेवलं तिनं. अन् ही किटकॅट माझ्या उशीखाली होती."

मी पानं गोळा केली अन् घराबाहेर पडले. आबांवर माझा जीव हाय, पण त्या घडीला मला त्यांच्याकडं बघवंना. तू पारावर मार खाल्ला. गाव सोडलं. दिवाळी न्हाई, दसरा न्हाई. कशासाठी? जे तू केलंच न्हाई त्यासाठी. मला तुला हाक मारून सांगावं वाटलं अन् तुझा फोन नंबर माझ्याकडं न्हाई. साठ किलोमीटरवर तू, अन् हे टपाल तुला तीन दिवसांनी भेटणार. तीन दिवस आणखी तू तेच वझं घेऊन मिलमध्ये जाणार, ह्या विचारानं मला रातचं जेवण गेलं न्हाई.

आपण दोघंबी एका खोट्या गोष्टीत राह्यलो रे. तू तिकडं, मी इकडं.

छकुली

---

१७ ऑक्टोबर

गोरक्ष,

चार दिवस मी आबांशी बोलले न्हाई. ताट वाढायचं अन् उठायचं. काल बाजार होता. आबांनी सकाळीच धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली अन् मला म्हणले, "चल." दुकान बंद करून मी मागं गेले. भर बाजारातनं, भाजीवाल्यांच्या मधनं, ते तुमच्या दारात जाऊन उभे राहिले. लोक बघायला थांबले. आबा म्हणले, "थांबू द्या. तवाबी सगळं गाव होतं."

तुझ्या आईनं आत बोलवलं न्हाई. उंबऱ्यावर उभं राहून सगळं ऐकलं. आबांनी किटकॅट दाखवली, सगळं पहिल्यापासून सांगितलं, आवाज बिलकुल खाली न करता. मंग टोपी काढून वाकायला गेले तर तुझी आई मागं सरकली. म्हणली, "पाया पडू नको. माझे मालक पोराला मारलेल्या स्वतःच्याच हाताला शिव्या देत मेले, इंद्रभान. शेवटचे दोन दिवस तेच. त्यांना आता कोण जाऊन सांगणार?"

आबांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. दार लागलं. आम्ही परत आलो, आबा माझ्या दोन पावलं मागं चालत होते. घरी आल्यावर मी त्यांना चहा दिला. ते प्याले.

चारी पानं ह्या पार्सलात हायत. चौथ्या पानावर अंधाररावाच्या खिशातली एक किटकॅट मी खोडली, आता दोनच हायत, अन् तिसरी डीपीत दाखवली. आबांनी डाव्या हातानं पानाखाली सही केलीय. छापायचं का न्हाई ते तू ठरव. आबा म्हणतात, छाप, भुवईची खाच तशीच ठेव. खरी किटकॅट फडक्यात गुंडाळून ठेवलीय, फोडू नको. ती आता तुझ्याकडं राहू दे.

शेवटची चौकट मी कोरीच सोडली. तो बारा वाजताचा भाग आपण कधीच बघितला न्हाई, त्यात शेवटी काय झालं ते तुलाबी माहीत न्हाई अन् मलाबी. तू तीन अंक एकट्यानं काढले. चौथा एकट्यानं काढू नको.

पार्सल बांधत होते तेवढ्यात तुझी आई दुकानात आली. मला वाटलं अंगठ्याचं काम असंल, मी मशीन पुसायला घेतली. त्या काउंटरला धरून उभ्या राहिल्या अन् ह्या टायमाला भिंतीकडं न्हाई, माझ्याकडं बघून बोलल्या. म्हणल्या, "फोनवर तो 'बरंय' च्या पुढं जात न्हाई. तू लिहून राह्यली ना त्याला? मंग एवढं विचार. दिवाळीला सकाळच्या गाडीनं निघतो का दुपारच्या, म्हंजे भाकरी कधी टाकायच्या ते मला कळंल."

छकुली